वर्डप्रेस थीम बनवायला शिकताना: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातून वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरसाठी थीमचं काम शिकणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न आमच्याकडे सारखे येत असतात. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत, शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत. फायलींची आणि कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत. कीबोर्डवर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

१. थीम आणि प्लगइन यांत फरक काय?

साइट कशी दिसते ते थीम ठरवते आणि साइट काय करते ते प्लगइन. कुंद्याच्या दुकानाची साइट असेल तर फोटोंची मांडणी, रंग, अक्षरं हे थीमचं काम. ऑर्डर घेणं, पैसे भरून घेणं हे प्लगइनचं. ही रेघ पाळाच. ऑर्डरचा फॉर्म थीममध्ये कोंबला तर पुढे मालक थीम बदलेल त्या दिवशी फॉर्मही जाईल, आणि फोन तुम्हाला येईल.

२. मला फक्त एचटीएमएल आणि सीएसएस येतं. कुठनं सुरुवात करू?

तेवढ्यावर सुरुवात होते. साध्या, म्हणजे क्लासिक पद्धतीच्या थीमला दोनच फायली लागतात: स्टाइल डॉट सीएसएस आणि इंडेक्स डॉट पीएचपी. पहिल्या फायलीच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये थीमचं नाव लिहिलं की वर्डप्रेसच्या यादीत तुमची थीम दिसू लागते. ती पहिल्यांदा कुठल्याही टूलशिवाय, हाताने लिहा. मग हेडर वेगळा काढा, फूटर वेगळा काढा, एका लेखाचं पान वेगळं करा.

त्यानंतर एकेक टूल घ्या, आणि घेताना स्वतःला विचारा की हे माझं कुठलं काम वाचवतंय. उत्तर देता आलं नाही तर ते टूल अजून तुमच्यासाठी नाही. आमचा क्रम असा: आधी ब्राउझरमधलं इन्स्पेक्ट, मग गिट (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल), मग नोड आणि एनपीएम (प्रश्न ५), शेवटी बिल्ड टूल (प्रश्न ८). इन्स्पेक्टकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि खरं तर रोज सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. कुठला नियम लागू झाला, कुठला खोडला गेला, समास कुठून आला, सगळं तिथे दिसतं.

३. मराठी माध्यमातनं शिकलोय, इंग्रजी कच्चं आहे. लाल अक्षरांत एरर आली की काही सुचत नाही. जमेल का मला?

जमेल. एरर वाचायला सफाईदार इंग्रजी लागत नाही, शंभरेक शब्दांची ओळख लागते, आणि ते शब्द पुन्हा पुन्हा येतात.

एक नेहमीची एरर घ्या. एनपीएम स्टार्ट टाइप केलं आणि दहा-बारा ओळी लाल आल्या. त्यात ‘ई एन ओ ई एन टी’ ही अक्षरं शोधा. अर्थ एवढाच की जी फाइल शोधली ती सापडली नाही. त्याच्याच आसपास फाइलचा पूर्ण पत्ता दिलेला असतो आणि पत्त्याच्या शेवटी बहुतेक वेळा पॅकेज डॉट जेसन असतं. आता टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, कुठल्या फोल्डरमध्ये उघडलंय ते बघा. तुम्ही थीमच्या फोल्डरमध्ये नसून एक पायरी वर आहात, म्हणून फाइल सापडली नाही. आत जाऊन तीच कमांड द्या.

एरर खालून वर वाचू नका आणि पूर्ण वाचायचा हट्टही धरू नका. पहिली लाल ओळ, फाइलचं नाव, ओळीचा नंबर, या तीन गोष्टी वहीत मराठीत उतरवून ठेवा, शेजारी कारण आणि उपाय लिहा. अशी वही ठेवणारी मुलं लवकर पुढे जातात, हे आम्ही कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलंय.

४. माझ्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे. नवीन घ्यायला लागेल का?

लगेच नको. डॉकर नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारी टूल्स मात्र टाळा, त्यांना मेमरी फार लागते. वर्डप्रेस प्लेग्राउंड नावाची सोय आहे, तिच्यात अख्खं वर्डप्रेस ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही. केलेलं काम मात्र सेव्ह करून किंवा झिप डाउनलोड करून ठेवा, नाहीतर पान रिफ्रेश केलं की जाऊ शकतं. रोजच्या कामाला एक्झॅम्प किंवा लोकल (लॅपटॉपवरच वर्डप्रेस चालवणारी सॉफ्टवेअर) वापरा आणि त्या वेळी ब्राउझरच्या दहा टॅब उघड्या ठेवू नका.

५. वर्डप्रेस तर पीएचपीत आहे. मग नोड आणि एनपीएम कशाला?

तुमची साइट चालायला नोड लागत नाही. नोड लागतं ते तुमच्या टेबलावर, थीम तयार करताना.

तुम्ही लिहिता ती फाइल आणि वाचकाच्या मोबाइलवर जाते ती फाइल यांत फरक असतो. तुम्ही सीएसएस दहा छोट्या फायलींत लिहिता, कारण शोधायला सोपं पडतं. वाचकाकडे एकच, आटोपशीर फाइल गेली पाहिजे. जावास्क्रिप्टचंही तसंच. हा जोडण्याचा, लहान करण्याचा आणि चुका तपासण्याचा कारभार करणारी बहुतेक टूल्स जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली आहेत, आणि ती ब्राउझरबाहेर चालवायला नोड लागतं. नोड २००९ साली आलं. एनपीएम ही टूल्स आणून देतं.

पॅकेज डॉट जेसन ही किराणाची यादी समजा आणि नोड मॉड्यूल्स हा फोल्डर म्हणजे आणलेलं सामान. यादी जपायची, सामान पुन्हा आणता येतं. पॅकेज लॉक नावाची आणखी एक फाइल असते, तिच्यात प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती लिहिलेली असते. ती कधीही पुसू नका, कारण तिच्यामुळेच निपाणीतल्या तुमच्या जोडीदाराकडे आणि तुमच्याकडे तंतोतंत तेच येतं.

नोड घेताना एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ देखभाल मिळणारी, असं लिहिलेली आवृत्ती घ्या.

६. नोड मॉड्यूल्स पेनड्राइव्हवर कॉपी करायला तास लागतोय. मित्राला प्रोजेक्ट कसा देऊ?

तो फोल्डर वगळून द्या. त्यात हजारो बारीक फायली असतात, म्हणून कॉपी रेंगाळते. बाकीचा प्रोजेक्ट काही एमबीचाच असतो. मित्राने आपल्याकडे एनपीएम सीआय चालवावं. ती कमांड लॉक फाइलप्रमाणे सगळं जसंच्या तसं बसवते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे गिट, प्रश्न ९ पाहा.

७. पावसाळ्यात आमच्याकडे नेट सारखं जातंय. इन्स्टॉल अर्ध्यात तुटतं. काय करायचं?

खानापूरच्या पश्चिमेकडच्या, घाटाला लागून असलेल्या गावांतून हा प्रश्न दरवर्षी येतो. यावर उपाय आहे, आणि या एका कारणाने कुणी शिकणं सोडू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

एनपीएम एकदा उतरवलेलं पॅकेज स्वतःच्या कॅशेमध्ये राखून ठेवतं. बेळगावला किंवा खानापूरला आलात की चांगल्या नेटवर एकदा पूर्ण इन्स्टॉल करून घ्या. घरी गेल्यावर एनपीएम सीआय देताना पुढे ‘प्रीफर ऑफलाइन’ हा पर्याय जोडा, म्हणजे आधी कॅशेत शोधलं जातं आणि तिथे नसेल तेवढंच नेटवरून येतं. प्रत्येक नव्या थीमसाठी नवीन टूल्स निवडू नका. एकच ठरलेला संच ठेवलात तर दुसऱ्या थीमच्या वेळी जवळजवळ काहीच उतरवावं लागत नाही. वर्डप्रेसची झिप, वापरातल्या फॉन्टच्या फायली आणि मार्गदर्शक पानंही लॅपटॉपवर ठेवा. व्हिडिओपेक्षा लेखी मार्गदर्शन बरं, ते विजेच्या आणि डेटाच्या भरवशावर नसतं.

८. बिल्ड टूल म्हणून एका व्हिडिओत ग्रंट, दुसऱ्यात गल्प, तिसऱ्यात वेबपॅक, आता सगळे ‘व्हीट’ (Vite) घ्या म्हणतात. नेमकं काय शिकू?

व्हिडिओची तारीख बघा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. ग्रंट आणि गल्प २०१२-१३ च्या सुमाराची. त्यांत कामांची साखळी तुम्ही स्वतः लिहायची: ही फाइल घे, लहान कर, तिकडे ठेव. वेबपॅक फायलींचं एकमेकांवरचं अवलंबन ओळखून गठ्ठा बांधतं. व्हीट २०२० मध्ये आलं. काम चालू असताना ते गठ्ठा न बांधता ब्राउझरला फायली थेट देतं, त्यामुळे बदल लगेच दिसतो.

वर्डप्रेससाठी ब्लॉक, म्हणजे एडिटरमध्ये पानावर मांडायचे मजकुराचे, फोटोंचे तुकडे, बनवायचे असतील तर वर्डप्रेसचंच ‘स्क्रिप्ट्स’ हे पॅकेज घ्या. त्याच्या पोटात वेबपॅक आहे, पण तुम्हाला त्याची जुळवाजुळव करावी लागत नाही. एनपीएम स्टार्ट आणि एनपीएम रन बिल्ड या दोन कमांडवर काम भागतं. ब्लॉक नकोत, फक्त सीएसएस आणि थोडी जावास्क्रिप्ट आहे, तर व्हीट पुरेसं. गल्प नव्याने शिकू नका. जुन्या थीममध्ये आढळलं तर वाचता येण्याइतकं कळलं की झालं.

टूल बदलत राहणार. फायली जोडणं, लहान करणं, जुन्या ब्राउझरला समजेल असं करणं ही कामं तीच राहतात. कामं समजून घेतलीत तर नवीन टूल आठवड्यात हाताखाली येतं.

९. गिट शिकायलाच हवं का? मी तारखेप्रमाणे झिप करून ठेवतो.

हवंच. झिप सांगते की फाइल कशी होती. काय बदललं आणि का बदललं हे ती सांगत नाही. सुरुवातीला चारच गोष्टी शिका: बदल निवडणं, कमिट करणं (म्हणजे त्यांची नोंद करणं), इतिहास बघणं, मागे जाणं. कमिटचा संदेश मराठीत लिहिला तरी चालतं, गिटला त्याचं काही वाटत नाही. नोड मॉड्यूल्स गिटमध्ये टाकू नका. गिट इग्नोर या फाइलीत त्याचं नाव लिहा.

१०. ब्लॉक थीम शिकू की क्लासिक?

क्लासिक एक करून बघा (प्रश्न २) आणि पुढचं लक्ष ब्लॉक थीमवर द्या. जानेवारी २०२२ मधल्या वर्डप्रेस ५.९ पासून अख्खी साइट एडिटरमधून मांडता येते. ब्लॉक थीममध्ये पानांचे साचे एचटीएमएल फायलींत असतात, आणि रंग, फॉन्ट, अंतरं थीम डॉट जेसन या एका फाइलीत. पीएचपी फार कमी लागते. गावातल्या पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या लोकांना पुढे स्वतः बदल करायचे असतील तर हे सोयीचं पडतं. आधीपासून चालू असलेल्या साइट मात्र बऱ्याचशा क्लासिक थीमवर आहेत आणि दुरुस्तीची कामं त्यांचीच येतात, म्हणून जुनं अजिबात येत नाही असं ठेवू नका.

११. सॅस अजून शिकायची गरज आहे का?

पूर्वीइतकी नाही. सॅस ही सीएसएस लिहायची वाढीव पद्धत. व्हेरिएबल (एकदा नाव देऊन पुन्हा वापरायची किंमत) आणि नेस्टिंग (नियमाच्या आत नियम) या दोन गोष्टींसाठी लोक सॅस घ्यायचे. व्हेरिएबल सीएसएसमध्ये केव्हाच आले, आणि २०२३ पासून नेस्टिंगही मोठ्या ब्राउझरांत आलं. नवी, छोटी थीम साध्या सीएसएसमध्ये लिहा. जुन्या थीमवर काम करायचं तर सॅस लागेल. त्यातली नेहमीची अडचण प्रश्न १६ मध्ये आहे.

१२. मराठी मजकूर दिसतो, पण ल आणि श हिंदीसारखे दिसतात, शीर्षकाची वरची रेघ तुटते. काय चुकलं?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी असतात आणि चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं दिलेली असतात. नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट पानाची भाषा बघून वळण निवडतो. पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा ‘एम आर’ नसेल तर फॉन्टला कळणार कसं? वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करा, आणि क्लासिक थीम असेल तर हेडरमध्ये लँग्वेज अॅट्रिब्यूट्स हे फंक्शन आहे ना ते पाहा. मुळातच मराठीसाठी केलेला फॉन्ट हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी आहे.

रेघ तुटते ती लेटर स्पेसिंगमुळे, म्हणजे अक्षरांमधल्या अंतरामुळे. रोमन लिपीतली शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून तयार थीम अक्षरांत अंतर टाकते, आणि आपली शिरोरेखा तुकडे तुकडे होते. देवनागरीसाठी ते शून्य करा. ओळींमधलं अंतरही वाढवा, १.४ वर वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडतात, १.७ च्या आसपास मजकूर मोकळा वाटतो.

थीम तपासायला इंग्रजी नमुना मजकूर वापरू नका. ‘दुसऱ्या शाळेतल्या कैऱ्या, तऱ्हेतऱ्हेची फुलं, ळ, ॲ, ऑ’ असं काहीतरी लिहून बघा. ‘ऱ्या’ मधला अर्धा र नीट उमटला नाही तर फॉन्ट बदला. तो अर्धा र दोन पद्धतींनी साठवलेला असू शकतो, नुक्तावाल्या ऱ पासून किंवा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना सारखाच दिसतो, पण साइटवर ‘दुसऱ्या’ शोधलं की एक सापडतो आणि दुसरा नाही. शोध नीट चालायला हवा असेल तर सगळा मजकूर एकाच पद्धतीत आणा.

१३. दुकानाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही पाहिजे. थीममध्ये काय काळजी घेऊ?

आपल्याकडचं हे रोजचं काम आहे. शहापूर-वडगावच्या साडीवाल्याचं गिऱ्हाईक तिन्ही भाषांतलं, उद्यमबागेतल्या फाउंड्रीला बाहेरगावच्या खरेदीदारासाठी इंग्रजी लागतं आणि कामगारांच्या सूचनांसाठी कन्नड-मराठी. हे नीट करता येणारा माणूस बाहेर सहजासहजी मिळत नाही, म्हणून यात मुरायला हवं.

थीममधला एकही शब्द थेट लिहू नका. ‘पुढे वाचा’ सारखा प्रत्येक शब्द भाषांतराच्या फंक्शनमधून काढा आणि थीमचं टेक्स्ट डोमेन, म्हणजे तिच्या भाषांतरांची ओळख सांगणारं नाव, ठरवा. मग मराठीची आणि कन्नडची भाषांतर फाइल वेगळी देता येते. मजकुराच्या भाषा सांभाळणं पॉलिलँगसारख्या प्लगइनचं काम. ते थीममध्ये घेऊ नका, कारण प्रश्न १ मध्ये आहे.

फॉन्ट प्रत्येक लिपीचा वेगळा लागतो. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक असतात. सीएसएसमध्ये त्यांची युनिकोड रेंज देऊन ठेवली की ज्या पानावर कन्नड नाही तिथे कन्नड फॉन्ट उतरतच नाही. देवनागरी ०९०० ते ०९७एफ, कन्नड ०सी८० ते ०सीएफएफ. दोन्हींत २००सी आणि २००डी ही अदृश्य चिन्हंही घाला, नाहीतर जोडाक्षरं मोडतात. मराठी पानात कन्नड परिच्छेद आला तर त्याच्या टॅगवर भाषा ‘के एन’ लिहा. पान मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्यावरूनच उच्चार कळतो. मेनूच्या बटणांना ठरावीक रुंदी देऊ नका, कन्नड शब्द जास्त जागा घेतात. भाषा निवडायच्या जागी झेंडे नकोत. ‘मराठी’, ‘ಕನ್ನಡ’ असं ज्या त्या लिपीत नाव लिहा.

१४. छापखान्याने दिलेला मजकूर साइटवर टाकला की इंग्रजी कचरा दिसतो. असं का?

तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. कन्नडमध्ये नुडीच्या जुन्या फायलींचं तेच होतं. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मग माणसाने वाचून तपासा. पहिली वेलांटी, रफार आणि ‘ऱ्या’ हमखास चुकतात. तो फॉन्टच साइटवर चढवण्याचा जुगाड कुणी सुचवला तर करू नका: शोधात काही सापडत नाही आणि दुसरीकडे चिकटवलं की पुन्हा कचराच.

१५. माझ्या लॅपटॉपवर झकास चालतं, सर्व्हरवर टाकलं की डिझाइन गायब. का?

तीन जागा तपासा. विंडोज ‘लोगो’ हे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं काय, छोट्या काय, एकच मानतं. लिनक्स सर्व्हर वेगळं मानतो. फायलींची नावं कायम छोट्या अक्षरांत ठेवली तर हा त्रास संपतो. दुसरं, बिल्ड फोल्डर गिट इग्नोरमध्ये असतो, त्यामुळे गिटवरून उचललेल्या झिपमध्ये तयार सीएसएस नसतंच. आधी एनपीएम रन बिल्ड करा आणि मग झिप बांधा. तिसरं, कोडमध्ये कुठेतरी लोकलहोस्ट असा पत्ता लिहिलेला राहिला असेल.

१६. जुनी थीम दुरुस्तीला आली. इन्स्टॉल केलं तर पायथन नाही म्हणतंय. सीएसएसला पायथन कशाला?

पॅकेज डॉट जेसनमध्ये नोड-सॅस हे नाव शोधा. ते पॅकेज तुमच्या मशीनवर सी++ कोड बांधायला बघतं आणि त्या बांधणीला पायथन लागतं. त्याची देखभाल आता बंद आहे. पायथन बसवत बसू नका. नोड-सॅस काढून त्या जागी नुसतं सॅस हे पॅकेज घाला. बहुतेक थीम लगेच चालतात. पिवळ्या सूचना येतील, त्या बहुतेक जुन्या इंपोर्ट पद्धतीबद्दल असतात, काम अडत नाही.

१७. ब्लॉक थीमची फाइल बदलली, सेव्ह केली, कॅशेही साफ केली, तरी साइटवर बदल दिसत नाही!

कुणीतरी साइट एडिटरमधून तो साचा आधीच बदलून सेव्ह केलाय. तो बदल डेटाबेसमध्ये जातो आणि डेटाबेसमधला साचा फाइलपेक्षा वरचढ ठरतो. एडिटरमध्ये त्या साच्याचे बदल रीसेट केले की फाइल पुन्हा लागू होते. पण आधी मालकाला विचारा, त्याने मुद्दाम केलेला बदल असू शकतो. तो ठेवायचा असेल तर क्रिएट ब्लॉक थीम हे प्लगइन घेऊन डेटाबेसमधले बदल फायलींत उतरवा, गिटमध्ये कमिट करा, आणि त्यानंतर रीसेट.

१८. विकत घेतलेल्या थीममध्ये बदल केले, अपडेट आला आणि सगळं पुसलं गेलं.

मूळ थीमला हात न लावता चाइल्ड थीम करा. वेगळा फोल्डर, त्यात स्टाइल डॉट सीएसएस, आणि तिच्या डोक्यावर ‘टेम्प्लेट’ पुढे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव. बदल तिथे राहतात. गेलेले बदल बॅकअपमधूनच मिळतील.

१९. फुकटात मिळणारी ‘नल्ड’ थीम (विकतच्या थीमची कुलूप तोडलेली प्रत) वापरली तर काय बिघडतं?

वापरू नका. वर्डप्रेस जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे आणि त्याच्या अधिकृत यादीत हजारो चांगल्या थीम फुकट मिळतात, त्यांचा कोड वाचून शिकताही येतं. नल्ड थीममध्ये अनेकदा चोरवाट घातलेली असते, आणि ज्या पतसंस्थेने विश्वासाने काम दिलं तिच्या साइटवर उद्या जुगाराच्या जाहिराती झळकतात.

२०. एआयने कोड लिहून दिला तर शिकायचं कशाला?

लिहून घ्या, पण प्रत्येक ओळ काय करते ते सांगता आल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या साइटवर चढवू नका. एआय बऱ्याचदा जुन्या आणि नव्या पद्धतींची सरमिसळ करतं: ब्लॉक थीम मागितली तर मध्येच क्लासिकचं फंक्शन देतं. प्रश्न १२ आणि १३ मधल्या गोष्टी ते आपणहून क्वचितच करतं. त्या तुम्हालाच मागाव्या लागतात आणि तपासाव्याही लागतात.

२१. काम संपल्यावर गिऱ्हाइकाला नक्की काय द्यायचं?

बिल्ड केलेली झिप आणि मूळ कोड, दोन्ही. सोबत एका पानावर नोडची आवृत्ती, दोन-तीन कमांड, फॉन्टची नावं आणि परवाने, होस्टिंग आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे ते लिहा. डोमेन मालकाच्याच नावावर घ्या. नुसतं बिल्ड दिलं तर पुढच्या माणसाला दाबून लहान केलेल्या एका ओळीच्या सीएसएसमध्ये शोधत बसावं लागतं, आणि सहा महिन्यांनी तो पुढचा माणूस बहुधा तुम्हीच असता.